सीताबाईंच्या छातीतला माझा धूर

मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. भिवंडीत नारपोलीला केदारशेठच्या कारखान्यात राहतो. मला आणले त्या दिवशी हार घातला, नारळ फोडला. वीज गेली की सोळा यंत्रमाग माझ्या जोरावर धडधडायचे. कारागीर माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "अपना शेर है." मी फुलून जायचो.

सीताबाई माझ्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. वारा लागला की सूत सुकते, तुटते. म्हणून आमच्याकडे खिडक्या कायम बंद. सुताची एवढी काळजी! माझी धुराची नळी फुटली, तेव्हा मात्र पत्र्याचा तुकडा बांधून काम भागवले. धूर आतच कोंडू लागला. सीताबाई आधी नुसत्या खोकायच्या. पुढे त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

शेठची मुलगी सई शाळेत विज्ञान शिकवते. तिने नळी बदलायला सांगितली. ऑर्डर जाऊ दे, मग बघू, असे शेठ म्हणाले. मग ती सीताबाईंजवळ बसली आणि धुराशिवाय वीज कशी करतात ते समजावू लागली. तारेतून येते ती वीजही बरीचशी कोळसा जाळूनच होते. अणू फोडून वीज करताना असा धूर होत नाही. मात्र त्याचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या जपावा लागतो, म्हणून काम घाईने उरकून चालत नाही.

"ती लाईट आपल्याकडं कवा येल, बाय?" सीताबाईंनी विचारले.

"नवं केंद्र उभं राहायला दहा वर्षं तरी लागतात, मावशी."

"दहा वर्सा? तवर मी हाय का न्हाय, ते सांग आधी."



गेल्या सोमवारी वीज गेली, मला सुरू केले, आणि थोड्याच वेळात सीताबाई कांड्यांवर कोसळल्या. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. मला मात्र कोणी थांबवले नाही. माग मध्येच थांबला की कापडावर पट्टी उमटते, मालाचा भाव उतरतो. सीताबाई आता प्राणवायूच्या नळीवर आहेत. त्यांच्या जागेवर दुसऱ्याच दिवशी त्यांची सून मेघाली येऊन बसली. आज तिला पहिला खोकला आला.

मित्रांनो, मला स्वतःहून बंद पडता येत नाही. तुमच्यातले कोणी अणूचे शास्त्र शिकणार असेल, तर जीव लावून शिका, जपून वापरा. पण तोवर मला सुरू करणारा हात कोणीतरी धरा हो. मेघाली अवघी चोवीस वर्षांची आहे.