कुंकू लावलेली फ्लॉपी

रोह्याच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरने माझी फ्लॉपी घेतली आणि नुसता करकरत बसला. मग स्क्रीनवर आलं, फ्लॉपी वाचता येत नाय. बाहेर काढली, तर पत्र्याच्या सरकत्या झाकणातून लाल भुकटी कमळाकर साहेबांच्या टेबलावर सांडली. साहेबांनी ती बोटावर घेऊन बघितली आणि विचारलं, "हे कुंकू आहे का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

हा आमच्या आईचा, काशीबाईचा, प्रताप. दसऱ्याला तिने कोयते पुजले, बाबांची मिठागरातली अवजारं पुजली. पोरीचं अवजार म्हणून माझी फ्लॉपीही पाटावर मांडली. वरच्या प्लॅस्टिकला कुंकू लावून काय उपयोग, म्हणून झाकण सरकवून थेट आतल्या काळ्या चकतीला लावलं. पोरीला नोकरी लागू दे म्हणून. आता ओरडायचं तरी कुणावर?

पेणच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवता शिकवता, एडिटरच्या निळ्या स्क्रीनसमोर डोळे फोडून मी तो प्रोग्राम लिहिला होता. कंपनीतला कोण कुठल्या शिफ्टला, कुणाचा ओव्हरटाइम किती, सगळं त्यात. हजेरीची फाईल वेगळी, शिफ्टची वेगळी, आणि सगळ्यांची मोट बांधणारी प्रोजेक्ट फाईल वेगळी. एक जरी गेली तरी गाडी अडली. तो चालवून दाखवला तर कंपनीत नोकरी, नायतर जन्मभर पोरांना माऊस कसा धरायचा ते शिकवत बसा.

साहेब भला माणूस. उद्या सकाळी या म्हणाले, पण उद्याही जमलं नाही तर मुंबईच्या माणसाला बोलावणार, तेही सांगून टाकलं.

मूळ फाईली क्लासातल्या माझ्या मशीनवर होत्या. पण क्लासचे मालक हैबतराव सर दसरा झाला की नव्या बॅचसाठी सगळ्या मशीन पुसून कोऱ्या करतात, आणि ते आजच करणार होते. बूथवरून फोन लावला, तर क्लासचा फोन डेड. मिळाली ती एसटी पकडली. खांब गावापर्यंत कशीबशी बसले. पुढे वडखळला ट्रकांची ही रांग, आणि आमचा ड्रायव्हर खाली उतरून खुशाल विडी ओढतोय. त्याची मानगूट धरावीशी वाटली. आता सर पहिली मशीन पुसत असतील, आता दुसरी, असंच डोक्यात चाललेलं.

धावतच क्लासात शिरले. सगळ्या स्क्रीन काळ्या, कोऱ्या. सर हात पुसत उभे.

कोपऱ्यातली माझी मशीन मात्र तशीच होती. वर झेंडूचा हार, पुढे नारळ, आणि पाटीवर खडूने काढलेली सरस्वती. दसऱ्याची पूजा सरांनी नेमकी तिच्यावर मांडली होती. अक्षता टाकून पूजा हलवायला त्यांच्या मिसेस यायच्या होत्या, त्या अजून आल्या नव्हत्या. तोवर तिला हात कसा लावायचा, म्हणून सर थांबले होते. मी मटकन खाली बसले आणि रडले. सरांना काय कळेना.

बाई आल्या, अक्षता पडल्या. मी एडिटर उघडून फाईल न् फाईल पाहिली, प्रोग्राम चालवला, आणि एक नाय, दोन फ्लॉप्या भरल्या.

घरी आईला सगळं सांगितलं. रागानेच सांगत होते. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्याच हातानं तुझं वाटोळं होत होतं व्हय गो?" एवढंच बोलली.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी एक फ्लॉपी पिशवीत ठेवली आणि दुसरी तिच्या हातात दिली. म्हटलं, "हिला लाव तुझं कुंकू. पिशवीतलीला हात नको लावू."

तिने फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली, पाटावर ठेवली. बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच थांबून माझ्याकडे बघितलं.

"रंभे, खरी कुठली ती देवाला कळंल ना गो?"