पाड्याचा कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. गोष्ट सांगण्याची मला सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

मुरबाडच्या शिंप्याने मला धाऊसाठी शिवले. टोकावड्याजवळच्या आमच्या पाड्यातला तो पहिला मॅट्रिक. मला घालून तो मुलाखतीला गेला आणि मास्तर झाला. मग पाड्यात जो कुणी मॅट्रिक होई, तो मला त्याच्याकडून मागून नेई. तेही मास्तर झाले. लोक मला कौतुकाने हात लावत. मास्तर मीच घडवतो, असे मला वाटू लागले.

त्रेसष्ट साली राघोचा मंगळू पास झाला. त्याला मात्र कल्याणकडच्या एका तंत्रशाळेत फिटरचे काम शिकायचे होते.

"लोखंड घासाया अकरा यत्ता शिकला काय रे?" राघोने विचारले.

"बाबा, आता कारखान्यात मानसं लागतात."

"जा मग. पन नाय घेतला तर गुमान मास्तरकीचा अर्ज करायचा. आन् कोट घालून जा."

रस्ताभर मी धास्तावलो होतो. लोखंडाच्या शाळेत माझे काय काम?

तिथे प्रत्येकाच्या हाती कानस देऊन लोखंडी पट्टी सपाट घासायला सांगितली. मंगळूचे हात माझ्या बाह्यांत अडकू लागले. पट्टी तिरकी होत चालली.

"कोट काढ," शिकवणारे साहेब म्हणाले.

मंगळू हलला नाही. त्याचा सदरा पाठीवर उभा फाटलेला होता. हे फक्त त्याला आणि मला ठाऊक.

"लग्नाला आलास का रे? काढ, नाहीतर घरी जा."

त्याने मला बाकावर ठेवले. मागची मुले फिदीफिदी हसली. मंगळूचे कान लाल झाले, पण कानस सरळ चालू लागली. साहेबांनी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि त्याचे नाव लिहून घेतले.

हात काळे म्हणून येताना त्याने मला घातले नाही. टोकावड्याला एस.टी.तून उतरलेल्या मुलाच्या अंगावर कोट नाही, हे पाहून राघोचा चेहरा उतरला.

"नाय ना घेतला?"

"घेतला, बाबा."

राघो त्याच्या हातांकडे बघत राहिला. मग मला स्वतःच्या खांद्यावर टाकत म्हणाला, "धाऊ मास्तरला काय सांगू?"

"सांगा, कोट लागला नाय."

मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? त्यानंतर मला फारसे कुणी नेले नाही. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण कुणा मुलाच्या अंगावर मला चढवण्याआधी, त्याला कुठे जायचे आहे तेवढे विचारा.