रत्नप्रभा आणि बिननावाची

जयवंत साहेबांनी पवईहून वही आणली. पानाच्या मधोमध रेघ मारलेली. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी.

म्हणाले, "भिकाजी, दोन्ही होड्या तुम्ही हाताळल्यात. मला एकच ठेवायची आहे. वाटतं ते लिहा. नवी वाईट म्हणालात तर करवतीने कापून टाकीन. विकणारसुद्धा नाही."

मी चौथीपर्यंत शिकलोय. लिहितो.

लांबी.
जुनी अठ्ठावीस फूट. नवी अठ्ठावीस फूट.

कशाची.
जुनी सागवानाची. फळीला फळी, सांध्यांत कापूस आणि डांबर. नाव रत्नप्रभा.
नवी फायबरची. सांधाच नाही. साच्यातून निघाली, बादलीसारखी. साहेबांनी चार वर्षं ती कागदावर काढली. नाव पहिल्या हंगामानंतर घालायचं होतं.

आत.
जुनीत दोन बाकं, एक स्टो. मान वाकवून बसायचं. तशीच मुरूडपर्यंत नेलीय.
नवीत चार बाकं, मोरी, मोरीला नळ. लहू आत जाऊन आला आणि बोलला, "दादा, आपल्या घरापरीस बरी हाय. जयाला घेऊन येतो राहायला."
लहू माझा धाकटा भाऊ. जया त्याची बायको.

वाऱ्यात.
जुनी जड. सुकाणू फिरवलं की जरा विचार करून वळते.
नवी लगेच.

देखभाल.
जुनीला बारा महिने माणूस लागतो. तो मी. एकोणीस वर्षं.
नवीला लागत नाही, असं साहेब म्हणतात. म्हणजे जुनी गेली की मीही गेलो. हे साहेबांना ठाऊक आहे, म्हणूनच मला लिहायला लावतात की काय, कळत नाही.

पाणी.
जुनी पावसाळाभर मढच्या वाळूवर झावळ्यांखाली असते. लाकूड सुकतं, सांधे उघडतात. पाण्यात लोटली की गळते. गळू द्यायची. दोन दिवसांत लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे मिटतात. बापाच्या होडीचं तसंच, गावातल्या सगळ्या होड्यांचं तसंच. बाहेरचा माणूस पाणी बघून घाबरतो, आम्ही हसतो.
नवी

इथे काही लिहिलं नाही.

यंदा नवी नारळी पौर्णिमेला पाण्यात लोटली. दुसऱ्या दिवशी मी रत्नप्रभेला वाळूवर रंग लावत होतो. लहू नवीतून ओरडला.

"दादा, तळाला पाणी हाय."

"किती?"

"चार बोटं."

"येऊ दे. फुगेल."

"काय फुगेल?"

"होडी फुगेल. नायतर काय तुझं डोकं?"

तो हसला. मी रंग लावत राहिलो.

तिसऱ्या दिवशी साहेब पलीकडे वर्सोव्याला थांबले होते. होडी त्यांच्याकडे न्यायला लहू एकटाच शीड लावून निघाला. खाडीच्या तोंडाशी वारा वाढला, होडी कलली आणि परत उठली नाही. तो आत पाणी उपसत होता. वर्सोव्याच्या लोकांनी त्याला आणून वाळूवर ठेवला. मी पहिलं विचारलं ते हे, की शीड फाटलं का.

साहेबांनी होडी वर काढून तपासली. मोरीचं पाणी तळातून समुद्रात सोडणाऱ्या नळीची पकड सैल होती. आधी थेंब थेंब पाणी आलं, होडी कलल्यावर नळीच निघाली. पेचकसाच्या दोन फिरक्या, बस. "ती पकड मी बसवली होती," साहेब म्हणाले. तेव्हापासून ते बोलताना हात खिशात ठेवतात.

मी काही बोललो नाही. अडतीस दिवस.

परवा रत्नप्रभा पाण्यात लोटली. आज साहेब वही घ्यायला आले. जया अंगणात काठ्यांवर बोंबील घालत होती. साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं.

"हा रकाना रिकामा का?"

"लहूनं पाणी बघितलं होतं," मी म्हटलं. "आदल्या दिवशी. मला सांगितलं. मी बोललो, फुगेल."

साहेबांनी वही मिटली.

"फायबर फुगत नाही, भिकाजी."

"ठाऊक हाय."

"आता. पण तेव्हा?"

"तेव्हापण होतं. तोंडातून निघून गेलं."

जयाने हात थांबवला नाही. एक बोंबील, दुसरा बोंबील, जबड्यात जबडा अडकवून.

"घरी येऊन मलापण सांगितलंन," ती म्हणाली. "पाणी हाय म्हणून. जेवत नव्हता. मी बोलले, दादा सांगतात ना फुगेल, मग फुगेल. जेव."

मांजर आलं. जयाने त्याला हाकललं.

साहेबांनी हात खिशातून काढले, काय करावं न कळून पुन्हा आत घातले. "मग कापू की नको?"

"कापून काय करणार?" जया म्हणाली. "लाकूड असतं तर चुलीत तरी घातलं असतं."

मी वही मागून घेतली. साहेबांनी पेन दिलं.

नवी. फुगत नाही. पाणी दिसलं की कुठून येतं ते शोधायचं.

खाली लिहिलं, नवी ठेवा. तिला मी नको, पेचकसवाला माणूस हवा.

साहेबांनी वाचलं. "आणि तुम्ही?"

"बघू."

"असं कसं बघू?"

मी पेन परत केलं.

ते गेल्यावर मी रत्नप्रभेवर गेलो. तळाच्या फळ्या उचलून हात घातला. काल संध्याकाळी पाणी मनगटापर्यंत होतं. आताही मनगटापर्यंत. सांध्यांवरून बोट फिरवलं. मिटले होते.

बादली घेतली आणि उपसायला बसलो.