सवतीचं मागणं

आमच्याकडे दुसरेपणाच्या बायकोचा नवस पहिलीने बोलायचा असतो. ही रीत कोणी काढली ठाऊक नाही, पण काढणाऱ्याला स्वतःला सवत नव्हती एवढं नक्की. डोंगराच्या टोकावर देवी आई बसली आहे. तिच्याकडे मूल मागायचं तर धाकटीने घरापासून अनवाणी निघायचं, वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मोठीने पाण्याचा तुंबा घेऊन सोबत चालायचं आणि वर पोचल्यावर धाकटीसाठी आपल्या तोंडाने मागायचं. तेव्हाच धाकटीने मनात मागायचं. दोघींचं मागणं एक निघालं तरच आई ऐकते. आणि धाकटी वाटेत बोलली तर नवस मोडला, मग थेट पुढचा चैत्र.

मोठी मी, मनकर्णा. छपन्याचा दुष्काळ पडला त्याच्या चार वर्षं आधी लग्न होऊन तुकईथडला आले. दुष्काळात या घरची माणसं कोंडा खाऊन जगवली ती मी. पण कूस उजवली नाही. माझ्या वेळी कोणाला डोंगर आठवला नाही, सरळ इच्छापूरहून सरू आणली. तीन वर्षं झाली, तिचीही कूस रिकामी, तर सासूला, मालूबाईला, एकदम आई आठवली. सरूला मूल झालं की कोठीची किल्ली माझ्या कमरेवरून तिच्या कमरेला जाणार होती, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं. आणि ते मूल माझ्याच तोंडून मागून घ्यायचं होतं.

निघताना घरधनी दारापर्यंत आले. माझ्याकडे बघून म्हणाले, सांभाळून ने तिला. तिला! माझे गुडघे दोन वर्षं कुरकुरत होते, ते त्यांच्या गावीही नव्हतं. तिच्या अंगावर बऱ्हाणपूरच्या बाजारातून आणलेलं नवं जांभळं लुगडं, माझ्या लुगड्याला दोन दंड घातलेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गावाबाहेरची कपाशीची रानं उपटून मोकळी झाली होती. काळ्या मातीच्या भेगांतून दोन कोस चालल्यावर सागाचं जंगल लागलं. जंगल सरकारी झाल्यापासून तिथे नाका बसला होता. नाकेदाराने कुठे जाता, मोळी आणणार का, सगळं विचारलं, मग सरूकडे बघून विचारलं, ही कोण? आजवर हे मला कोणापुढे म्हणावं लागलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीतच होतं.

"सवत हाय माही," मी म्हणाले.

त्याने आधी तिला पाहिलं, मग मला, आणि बाजूला झाला. त्या दोन नजरांतला फरक मला कळला. मोहाची फुलं वेचणाऱ्या बायकाही वर बघून हसल्या, निदान मला तसं वाटलं. तिथून पुढे मी मनाशी ठरवलं, हिला बोलायला लावायचं. नवस हिच्या तोंडाने मोडला तर माझ्यावर बोट यायचं नाही.

पायवाट सोडून मी तिला करवंदीच्या जाळीतून नेलं. चढ असा की हाताने मुळ्या धराव्या लागत. पायाखालचे धोंडे गडगडत खाली जायचे. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही निम्म्यावरही नव्हतो. मी एका खडकाच्या सावलीला बसले, तुंबा वर धरला आणि तिच्यासमोर घटाघटा पाणी प्यायले. ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. ओठांना भेगा पडल्या होत्या, पण ते उघडले नाहीत. मला लाज वाटली का? वाटली. तरी आणखी दोन घोट घेतले.

पुढे तिच्या टाचेत काटा मोडला, चांगला बोटाच्या पेराएवढा. ती मटकन खाली बसली. आता ओरडते, असं म्हणून मी उभी राहिले. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पाय माझ्यापुढे केला. काय करणार? मी केसांतली सुई काढली आणि काटा काढला. रक्ताची धार लागली, तिच्या डोळ्यांतून पाणी गळलं, पण आवाज म्हणून नाही. केवढी ही मुलाची हाव, केवढी घाई माझ्या जागेवर बसायची, हेच मला तेव्हा दिसलं. तिच्या टाचेला माझ्या लुगड्याची चिंधी बांधतानाही माझं पोट जळतच होतं.

शेवटचा टप्पा म्हणजे उभा कडा. कातळात कोणीतरी पाय टेकण्यापुरत्या खोबणी पाडल्या आहेत. मी पुढे, ती मागे, अजूनही मुकीच; म्हणजे मला मागावं लागणारच होतं. गुडघे बोलायला लागले, छाती भात्यासारखी चालायला लागली. प्रत्येक खोबणीला मी एकच म्हणत होते, 'हिले दे, आई.' सवय करत होते. जीभ वळत नव्हती.

वर वारा नुसता सुटला होता. खाली तापी, पार तिकडे असीरगडाची काळी पाठ, आगगाडीच्या धुराची एक रेघ. आई म्हणजे शेंदूर फासलेला गुडघाभर दगड. मी ओटी भरली, नारळ ठेवला. सरू शेजारी हात जोडून, डोळे मिटून बसली. टाचेची चिंधी लाल झाली होती. मी तोंड उघडलं. अख्खा कडा चढताना जे घोकलं होतं, ते ओठांवर आलंच नाही.

"मले दे," मी म्हणाले. "मले दे, आई. हिले नको."

मोठ्याने म्हणाले. रीतच तशी आहे.

सरूने डोळे उघडले नाहीत. मी तुंबा तिच्यापुढे धरला. आत ओंजळभरच पाणी उरलं होतं. ती ते सगळं प्यायली, तोंड पुसलं. आता ती बोलू शकत होती. खाली जाऊन सांगेल, सासू मला दारातूनच परत पाठवेल, हे मला दिसत होतं.

"मोठीबाई," ती म्हणाली, आणि आवाज फुटेना म्हणून खाकरली. "मीबी तेच मांगलं. मोठीबाईले दे म्हनलं."

मी रिकामा तुंबा तिच्या हातातून घेतला.

"तुमाले पोरगं झालं त मले माहेरी जाऊ देतीन ना? माही माय एकटी हाय. तीन सालापासून मी रोज हेच मांगून राहिली. येथी मले कायबी नको."

काहीही नको. घरधनी नको, किल्ली नको, ते जांभळं लुगडंही नको. ज्यासाठी मी तीन वर्षं रात्रंदिवस जळले, ते तिला फुकटही नको होतं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. माझं सगळं आयुष्य ज्या घरात गेलं, त्या घराला नाक मुरडणारी ही कोण?

उतरताना ती सारखी बोलत होती. तीन वर्षांत बोलली नसेल एवढं बोलली. तिच्या मायची गाय, इच्छापूरची जत्रा. लंगडत होती म्हणून तिचा हात माझ्या खांद्यावर होता. मी तो झटकला नाही.

दिवस मावळायच्या आत शिवेवर पोचलो. सासू कुंकवाचं ताट घेऊन उभीच होती. मागितलं का, दोघींचं एक झालं का, तिने विचारलं.

"एकच झालं," सरू म्हणाली.

मी मान डोलावली. खोटं काहीच नव्हतं. सासूने आनंदाने आधी सरूच्या कपाळाला कुंकू लावलं, मग बोटाला उरलेलं माझ्या. आणि एवढं सगळं ऐकून आल्यावरही, तिला आधी लावलं हे मला लागलंच.