डोंगा चालू आहे

कापसाचा भाव कालचाच. डोंगा चालू आहे. काळी शेळी हरवली, शिंग एकच. लक्ष्मीबाईंच्या भाच्याचं बारसं, सर्वांनी यावं. दुपारची गाडी आली तर येईल.

मित्रांनो, ही सगळी वाक्यं एकाच दिवशी माझ्या अंगावर होती. मी जैनथच्या गाडीथांब्यावरचा एक जुना फळा आहे. सागवानी फळ्या जोडून सुताराने मला घडवलं आणि बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा माक्याच्या पाल्याच्या रसात कालवून काळं केलं. साल १९८६ असावं. एक गंमत सांगतो. माझ्यावर काय लिहिलंय ते मला दिसत नाही, वाचणाऱ्यांच्या ओठांवरून कळतं. त्यामुळे कोणी समोर आलं की मी त्याच्या तोंडाकडेच बघत राहायचो.

माझा कारभार किराणा दुकानवाल्या जयवंताबाईंकडे होता. लिहिणारे तिघे. सुधाकरराव आदिलाबादहून कापसाचा भाव आणत. लक्ष्मीबाई लग्न-बारशाचं, हरवल्या-सापडल्याचं आणि गाडीचं लिहीत. नागोराव पैनगंगेची खबर देत, डोंगा, म्हणजे नाव, पलीकडे जातोय की नाही याची. एकदा भाव मोठ्या अक्षरांत लिहिण्यासाठी सुधाकररावांनी नागोरावांची ओळ पुसली. मग दोघं महिनाभर बोलेनात. शेवटी जयवंताबाईंनी चुन्याच्या रेघा ओढून माझे तीन भाग केले.

"ज्याचं त्यानं लिवाचं, ज्याचं त्यानंच पुसाचं," त्या म्हणाल्या.

भांडण मिटलं. सगळ्यांनी वाहवा केली.

भाजी विकायला येणाऱ्या प्रयागबाई माझ्यावरूनच अक्षरं शिकल्या. त्यांचे ओठ सगळ्यांत हळू हलत. डों… गा… पुढचं अक्षर त्यांना जमेल की नाही, याची मला फार उत्सुकता असे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात नागोराव कोणाला न सांगता बहिणीकडे गेले आणि रातोरात नदी चढली. सकाळी प्रयागबाई गाठोडं घेऊन आल्या. पलीकडच्या गावी त्यांची लेक बाळंत व्हायची होती. पुलावरून फेऱ्याने जाणारी गाडी समोरच उभी होती. पण प्रयागबाईंनी कोणाला न विचारता पहिल्यांदाच माझ्यावरची अख्खी ओळ वाचली. डोंगा चालू आहे. त्या हसल्या आणि नदीकडे चालू लागल्या. गाडी निघून गेली. मला हाक मारता येत नाही.

संध्याकाळी त्या चिंब भिजून परतल्या.

"बाई, डोंगा तुमच्या फळ्यावरच चालू व्हता. नदीवर नवता."

जयवंताबाईंनी त्यांच्या हातातलं ओलं गाठोडं घेतलं.

"तुमाले नदी चढल्याचं ठाऊक नवतं?"

"व्हतं."

"मंग काऊन नाई पुसलं?"

"नागोरावचा कोपरा हाय तो. असं ठरलं व्हतं ना."

"ठरलं व्हतं," प्रयागबाई म्हणाल्या. "आता अक्षर शिकून मी चुकली म्हणाव का?"

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने त्या पोहोचल्या. नात रात्रीच जन्मली होती. दोघी सुखरूप होत्या, पण लेकीने रात्रभर आईला हाका मारल्या होत्या.

आठ दिवसांनी प्रयागबाई परतल्या. माझ्याकडे न बघता पुढे निघाल्या, तर जयवंताबाईंनी ओलं फडकं त्यांच्यापुढे धरलं.

"लिवणारे तिघं हायेत. पुसणारं कोणीच नाई. तुमी पुसान का?"

परतलेले नागोराव कुरकुरले, "मी लिवलं तवा खरंच व्हतं."

"दूध बी काढलं तवा ताजंच असते, नागोराव," प्रयागबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फडकं घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी त्या एकेकाला विचारत, "हे आज खरं हाय का?" उत्तर मिळालं नाही तर पुसून टाकत. मित्रांनो, लिहिणाऱ्यांची वाहवा मी खूप ऐकली. पण ते फडकं अंगावरून फिरायचं ना, तेव्हा मला सगळ्यांत बरं वाटायचं.

पुढे घरोघरी फोन आले, डोंगाही बंद झाला. आता मी दुकानामागे पोत्यांना टेकून उभा आहे. कोणी समोर येत नाही, म्हणून अंगावर शेवटचं काय राहिलंय ते मला माहीत नाही. तुम्ही कुठे काही लिहाल, तर एकदा परत येऊन बघा, ते अजून खरं आहे का.

माझ्यावरची सर्वांत पहिली ओळ जयवंताबाईंनी उन्हाळ्यात लिहिली होती, 'चौकटीचा रंग ओला आहे, हात लावू नये'. रंग वाळल्यावरही ती पोळ्यापर्यंत तशीच होती.