रिकाम्या खणांची साक्ष

मित्रांनो, त्या शेवटच्या साध्या दिवशी माझा गुरुवारचा खण नेहमीसारखाच उघडला. आईने गोळी काढली, झाकण लावलं आणि मला शिवणयंत्राशेजारी ठेवलं. लेकीने ऑफिसला निघताना खण रिकामा असल्याची खात्री केली आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी खाली पडलेलं कापड उचलताना आईच्या कंबरेत कळ आली. त्यानंतर ती यंत्रावर कधी बसली नाही.

मी सात खणांची, निळ्या प्लास्टिकची, गोळ्या ठेवायची जुनी डबी आहे. एकाच साच्यातून माझ्यासारख्या हजारो निघाल्या. आईचा स्तनाचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढला, तेव्हा लेकीने मला औषधांच्या दुकानातून आणलं. रोग परतू नये म्हणून आता पाच वर्षं रोज एक गोळी, शरीरातलं हार्मोन दाबणारी. दर रविवारी लेक माझे खण भरायची. घरातली सगळ्यात कामाची वस्तू, असं ती पाहुण्यांना सांगायची. मला फार बरं वाटायचं.

आई शाळेचे गणवेश शिवायची, काजं हाताने करायची. गोळी सुरू झाली आणि सहा महिन्यांत तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. सुई हातातून गळायची. अंगातून अशा वाफा निघायच्या, की भर थंडीत ती पंखा लावून बसे. झोप तर उडालीच. डॉक्टर विचारत, काही त्रास? ती म्हणे, वयाचं काय ते असतंच. ज्याने जीव वाचवला त्याच्यापुढे बोटांचं रडगाणं काय गायचं, असं तिला वाटे. मावशीला मात्र ती फोनवर म्हणाली, "एवढीशी गोळी आहे गं. पण बारीक माणसंच जास्त छळतात. तुझ्याकडेच बघ ना."

तिसऱ्या वर्षी एका सकाळी तिने गोळी काढली आणि बटणांच्या डब्यात टाकली. मग रोजच. महिन्या-दोन महिन्यांत बोटं मोकळी झाली, काजं पुन्हा एकसारखी पडू लागली. मी मात्र रोज रिकामी दिसून खोटी साक्ष देत राहिले.

"आई, घेतलीस का?"

"खण रिकामा आहे ना? मग झालं."

कंबरेच्या कळेचं कारण हाडांत सापडलं, रोग तिथे परतला होता, तेव्हा आईने आपणहून सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेतल्या असत्या तर हे टळलंच असतं असं कोणी सांगू शकणार नाही; पण त्रास कळला असता, तर गोळी बदलून पाहता आली असती. आठ महिन्यांनी आई गेली. मी कपाटाच्या तळाशी गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी रोज गोळी घेत असेल, तर डबी पाहून निघून जाऊ नका. जरा शेजारी बसा. गोळीने काय होतं ते विचारा, आणि ते डॉक्टरांना सांगायला सोबत जा. एवढं डबीला जमत नाही.

परवा यंत्र न्यायला माणूस येणार होता. कपाट आवरताना लेकीला मी सापडले. मला हातात घेऊन ती आईच्या खुर्चीसमोर बसली.

"तुझी बोटं चालायला लागली, तेव्हाच मला कळलं होतं, आई," ती म्हणाली. "बोलले असते तर तू गोळी पुन्हा सुरू केली असतीस. आणि मला तू तशीच हवी होतीस."