हौचा हंस आणि आमची कळी

ती कळी मी खुडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी बाजू घ्यायचा मोह व्हायला नको.

त्साओचौच्या आमच्या भागात गव्हाला जेवढी जमीन, जवळपास तेवढीच मुदानच्या, त्या थाळीएवढ्या भरगच्च फुलांच्या, झुडपांना. फेब्रुवारी सरत आला की मुदानच्या कळ्या हरभऱ्याएवढ्या होतात आणि आम्ही बाया ओळीत बसून त्या खुडत जातो. जुन्या झुडपावर मोजक्या ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या. कोवळ्या रोपावर मात्र एकही ठेवायची नाही, सगळा जोर मुळांत जायला हवा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने माझा अंगठा धरून शिकवलं होतं आणि वर बजावलं होतं, "लहान रोपाला फुलू दिलंस, तर संध्याकाळचं जेवण तुझं तू बघ!" तेव्हापासून पस्तीस वर्षं माझा अंगठा हे काम करतोय. तो मला विचारत नाही.

त्या सकाळीही त्याने विचारलं नाही. फोन खांद्यात धरून मी आमच्या मुलीशी, रुईशी, भांडत होते. ती म्हणत होती, बाबांना घेऊन शहरात या. मी म्हणत होते, तुझ्या आठव्या मजल्यावर ते काय भिंतीला हात लावत बसतील? बोलता बोलता परसातली ओळ संपली, भिंतीकडचं शेवटचं रोप आलं, आणि टचकन आवाज झाला. हातात बघते तर ती कळी.

त्या रोपाची गोष्ट सांगायला हवी. हिरवा मुदान आमच्याकडे आहेच, पण तो मान टाकतो. फूल पानाआड लपतं, बघायला गुडघ्यावर बसावं लागतं. माझ्या नवऱ्याला, शौगेनना, ताठ मानेचा हिरवा हवा होता. त्यासाठी त्यांनी एकाचे पराग दुसऱ्यावर ठेवले, कागदी पिशव्या बांधल्या, बी धरलं, पेरलं. अकरा रोपं उगवली. एकेकाला फूल यायला सहा-सात वर्षं लागली आणि एकेक फूल बघून त्यांनी दहा रोपं स्वतःच्या हाताने उपटली. कुणी मान टाकली, कुणी जांभळं निघालं. उरलं हे एकच. आठव्या वर्षी त्याला पहिली कळी आली, आणि त्याच हिवाळ्यात यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती वर्षभर टिकली तरी पुष्कळ.

म्हणजे हे फूल त्यांना बघायला मिळणार होतं ते त्या वसंतातच. पुढच्या वर्षीचं काय, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

मी कळी एप्रनच्या खिशात टाकली आणि घरात पळाले. सांगते, आत्ता सांगते, असं म्हणत चुलीवरच्या पावाच्या गोळ्यांना उगाच वाफ देत बसले. तेवढ्यात ते रोजच्यासारखे परसात गेले. धूसर दिसायचं म्हणून ते कळी बोटांनीच बघायचे. थोड्या वेळाने हाक आली.

"अगं, कळी नाही."

मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मातीत हात फिरवला, भिंतीशी गेले, खाली वाकून काहीतरी चाचपलं.

"इथे वीट पडलीय. हौचा हंस आला होता का गं?"

आणि मी म्हणाले, "आला होता वाटतं."

हौ आमचा भिंतीपलीकडचा शेजारी. शौगेनचा चाळीस वर्षांचा दोस्त, आणि फुलाच्या रंगाची पारख करावी तर त्यानेच, असं पंचक्रोशी मानते. नव्या जातीला नाव द्यायचं असलं की माणसं त्याला बोलावतात. तोंडाचा फाटका, त्याने कुणाच्या फुलाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्याचा हंस म्हणजे देखणा पक्षी वगैरे काही नाही; येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्या धरणारा, अख्ख्या गल्लीने शिव्या घातलेला. त्यामुळे माझं खोटं कुणालाही खरं वाटावं असंच होतं.

शौगेन भिंतीवरून ओरडले, "अरे हौ, हंस पाळलायस की डाकू?"

"काय झालं सकाळी सकाळी?"

"माझी आठ वर्षं खाल्ली त्याने! एका घासात!"

"माझा हंस कोंडलेला आहे कालपासून! उगाच आळ घेऊ नकोस. डोळे गेले ते गेले, अक्कलही गेली काय?"

असलं बोलून बसल्यावर माणसाने माघार घ्यावी कशी? दोघांनी घेतली नाही. संध्याकाळी भिंतीशी दोन स्टुलं टाकून बुद्धिबळ चालायचं, ते बंद झालं. शरदाच्या पौर्णिमेला हौने हंस कापला आणि वाडगाभर रस्सा आमच्या उंबऱ्यावर ठेवून गेला. वर निरोप, "आता तुमच्या कळ्या सुखरूप आहेत म्हणावं." शौगेननी तो वाडगा तसाच परत पाठवला. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून रडले. नवऱ्याची नजर देव नेत होता म्हणावं, पण त्याचा दोस्त मी नेला होता. रोज ठरवायचे, आज सांगते. आणि रोज वाटायचं, आता एवढ्या उशिरा सांगितलं तर मला ते कधीच माफ करणार नाहीत.

हिवाळ्यात त्यांची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळतो. आणि पुढच्या वसंतात रोपाला पुन्हा कळी आली, एकच. या खेपेला मी त्या ओळीकडे फिरकलेच नाही. खुडायचं काम असलं की हात खिशात घालून उभी राहायचे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, गव्हाला पाऊस मिळतो त्या दिवसांत, सकाळी परसात गेले तर फूल उमललं होतं. भरगच्च, ताठ मानेचं. आणि गुलाबी. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला वाढतो तसला साधा गुलाबी.

मी तिथेच खाली बसले. त्यांना काय सांगायचं, ते बसता बसताच ठरवून टाकलं होतं. हिरवा, म्हणायचं. कोण येणार होतं तपासायला? रंगाची पारख असलेला एकच माणूस जवळ होता आणि तो आमच्या दारात पाय ठेवत नव्हता. मीच तशी सोय करून ठेवली होती.

मागून काठीचा आवाज आला. "उमललं ना? वास आला मला. रंग सांग."

जिभेवर हिरवा शब्द तयार होता. त्यांचा चेहरा बघितला. लहान पोराने पुडी सोडायची वाट बघावी तसा चेहरा. तो बघितला आणि मला माझीच किळस आली. या माणसाला आता जे काही दिसणार ते माझ्या तोंडून, आणि माझं तोंड कसलं, तर वर्षभर खोट्यावर जगलेलं.

"रंग मग सांगते," मी म्हणाले. "आधी दुसरं ऐका. गेल्या वर्षीची कळी मी खुडली. फोनवर बोलत होते, हाताने खुडली. हंसाचा काही संबंध नव्हता."

ते काठी टेकत माझ्या बाजूने गेले ते थेट भिंतीशी.

"हौ! ए हौ!"

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. "मेलास का जिवंत आहेस?"

"जिवंत आहे. तुझा हंस निर्दोष होता. गाढव मी होतो. इकडे ये."

हौ आला. वर्षभरात म्हातारा झाला होता. माझ्याकडे एक नजर टाकली. माझं तोंड बघून त्याला काय समजायचं ते समजलं असावं. "वहिनी, हा गाढव आहे हे मी आधीच सांगत होतो," एवढंच म्हणाला.

"बघ आणि रंग सांग," शौगेन म्हणाले.

हौ फुलासमोर वाकला. मग सरळ झाला. दोस्ताच्या डोळ्यांकडे बघत राहिला. त्या डोळ्यांत आता काहीच हलत नव्हतं.

"हिरवा," तो म्हणाला. "मुगाच्या कोवळ्या शेंगेसारखा. असला हिरवा मी जन्मात बघितला नाही. जिंकलास, शौगेन."

मला वाटलं, आता मी गप्प बसले तर संपलं. पारखी माणसाने सांगितलं होतं, माझ्यावर काही येणार नव्हतं, आणि नवरा उरलेलं आयुष्य त्या हिरव्यावर काढणार होता.

"गुलाबी आहे हो," मी म्हणाले. "साधा गुलाबी." आणि मला रडू फुटलं.

हौने माझ्याकडे असं बघितलं, की मी हंसच असते तर त्याने तिथेच मान मुरगळली असती.

शौगेन हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "गुलाबीच असणार," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत या हरामखोराने माझ्या एकाही फुलाला चांगलं म्हटलं नाही. हिरवा निघाला असता, तर म्हणाला असता, शेवाळासारखा दिसतोय."

"पहिलं फूल धरायचं नसतं, तुला कधीच दम निघाला नाही," हौ पुटपुटला. "तीन वर्षं बघतात. रंग बदलतोही कधी कधी."

"बदलतो. मग तीन वर्षं बघायला ये. तू खोटं सांग, ही खरं सांगेल. मला दोन्ही लागणार आहेत."

मग त्यांनी हात पुढे केला. मी तो धरून फुलाच्या देठावर ठेवला. त्यांनी देठ खालून वरपर्यंत चाचपला, फुलाखाली तळवा धरला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

"मान ताठ आहे," ते म्हणाले.

हौने दोन स्टुलं आणली, मी तिसरं. मी सगळ्यात बाहेरच्या पाकळीपासून सांगायला सुरुवात केली.